हात न लावलेला फोटो

एका जंगलात सगळे प्राणी सुंदर होते. म्हणजे फोटोत.

मुलांनो, जंगलात कॅमेरा कुठून आला, असं विचारायचं नाही. जंगलात राजा कुठून आला, असं तुम्ही कधी विचारलंत का? नाही ना? मग मुकाट्यानं ऐका.

त्या जंगलात फोटो माकडंसुद्धा काढीत. ते हलकं काम. खरा मान होता एडिटिंगला, आणि एडिटिंगचा मक्ता होता सरड्यांच्या एका घराण्याकडे. रंग बदलणं त्यांच्या रक्तातच होतं, त्यांनी फक्त त्याचं दुकान थाटलं. वडाच्या ढोलीवर 'सरडे आणि मंडळी' अशी पाटी. आत संगणक. संगणकापुढे नानासाहेब सरडे, आणि नानासाहेबांच्या खांद्यावरून संगणकात बघणाऱ्या त्यांच्या पत्नी, माई.

कावळा यायचा. माई विचारायच्या, "गोरा किती करू?"

कावळा लाजायचा. "फार नको हो. नैसर्गिक दिसलं पाहिजे."

मग त्याला इतका नैसर्गिक करीत, की बगळ्यांकडून मागण्या येत. गव्याची कंबर अशी बारीक करीत, की पुढचा गवा आणि मागचा गवा दोन निरनिराळे प्राणी वाटत. अस्वलाचे केस काढून टाकीत. अस्वलाची आई फोटो बघून म्हणायची, "गोड आहे हो. कुणाचा?"

सगळे खूश होते. कुणीच कुणाला ओळखत नसे, त्यामुळे भांडणंही फार होत नसत.

या घरात एक नवी सून आली. दूरच्या माळावरची. माहेरी तिचं नाव होतं तिरीप. पण लग्नात ताटातल्या तांदळावर नवं नाव लिहायची पद्धत सरड्यांतही होती. तांदळावर उमटलं 'सुरंगा'. तिला कुणी विचारलं नाही आणि तिनंही काही म्हटलं नाही. ती मुळातच कमी बोलायची. कमी बोलणाऱ्या सुनेला सगळं पसंत असतं, असा त्या घरात समज होता.

तिनं आणलेलं गाठोडं माईंनी सगळ्यांसमोर सोडलं. आत जाळी पडलेली पिंपळाची पानं होती. चतुर किड्याचे गळालेले पंख होते. नागाची एक अख्खी कात होती. आणि बाभळीच्या डिंकाचा, घासून घासून पाण्यासारखा केलेला एक खडा.

"अगं बाई, माहेरचा कचरा इथवर वाहून आणलास?"

"त्यातून ऊन सोडायचं, सासूबाई. ते ज्याच्यावर पडेल, त्याचा फोटो काढायचा."

"आणि मग एडिटिंग?"

"मग काही नाही."

"काही नाही म्हणजे?" माई हसता हसता पिवळ्या झाल्या. "हे बघ सुरंगा, आमच्यात फोटो काढत नाहीत. आमच्यात फोटो सुधारतात."

सुरंगानं गाठोडं पुन्हा बांधलं.

तिचा नवरा हरित. स्वभावानं गरीब. ज्याच्याजवळ बसेल त्याचा रंग घ्यायचा. बायकोजवळ बसला की सोनेरी व्हायचा, आईजवळ गेला की राखाडी. दोघींच्या मधे बसायची वेळ आली, की पोटात दुखतंय म्हणून बाहेर जायचा.

वडामागच्या टेकडीत एक गुहा होती. गुहेच्या छताला भोक. दुपारी सासूसासरे झोपले, की सुरंगा तिथे जायची. सूर्य डोक्यावर आला की त्या भोकातून उन्हाचा एक जाड दोर खाली उतरायचा. गुहेत एक म्हातारं कासव राहायचं. ते कुणाच्या अध्यात नव्हतं, मध्यात नव्हतं.

तिनं भोकाशी डिंकाचा खडा बसवला आणि वर नागाची कात धरली. कासवाच्या पाठीवरून नदी वाहू लागली. चतुराचा पंख धरला, तर पाठीवर खिडक्याच खिडक्यांचं गाव उभं राहिलं. कासवानं मान बाहेर काढली. सगळं गाव जरासं हललं आणि एका खिडकीत कासवाचा डोळा आला.

तिनं फोटो काढला. त्या दिवशी तिला जेवण गेलं नाही. सुखानं.

हरित फोटो बघून म्हणाला, "अगं, हे फार म्हणजे फारच सुंदर आहे." आणि सोनेरी झाला. संध्याकाळी माई जवळ होत्या. तेव्हा म्हणाला, "तसं बघितलं तर कासवच आहे." आणि राखाडी झाला.

नानासाहेबांनी फोटो डोळ्यांजवळ नेला. "एडिटिंग बरं आहे. कशात केलंस?"

"उन्हात, मामंजी."

"नवीन आलंय वाटतं?" नानासाहेब म्हणाले. "आपल्या संगणकावर चालेल का?"

माईंनी मात्र निकाल देऊन टाकला. "पुढच्या साफसफाईला ती पानंबिनं चुलीत घालायची. घरात कीड होते."

सुरंगा काही बोलली नाही. माईंना वाटलं, पटलं.

इकडे जंगलाच्या राजाचं लग्न जमत नव्हतं. राजा म्हणजे वाघ, महाराज पट्टेधर. घराण्याचं नावच पट्टेधर. पण बसून खाण्यानं महाराज इतके ऐसपैस झाले होते, की पट्टे विरत विरत पार गेले होते. आता ते लांबून वाघासारखे आणि जवळून गादीसारखे दिसत.

नदीपलीकडच्या जंगलात एक वाघीण होती. तालेवार घर, स्वतःचं राज्य. तिच्याकडे महाराजांचा फोटो गेला. अर्थात सरड्यांनी सुधारलेला. नानासाहेबांनी पट्टे एवढ्या सढळ हातानं घातले, की ते मिशांवरही आले. उत्तर आलं, 'मिशा धुऊन पुन्हा पाठवा.'

दुसरा फोटो गेला. त्यात महाराजांची पोटाची घडी काढताना एक पाय जास्तीचा राहून गेला. उत्तर आलं, 'पाचवा पाय कुणाचा?'

तिसऱ्या वेळी नानासाहेबांनी संगणकातून कुठूनतरी तयार पट्टे उचलून चिकटवले. उत्तर आलं, 'स्थळ चांगलं आहे, पण या फोटोतला झेब्रा कोण? यापुढे सुधारलेला फोटो आला, तर मी स्वतः येईन. फोटोला कुणी हात लावलेला नाही, अशी राजाची शपथ असेल तरच पाठवा.'

महाराजांनी नानासाहेबांना बोलावलं.

"पुढचा फोटो परत आला, तर तुम्हाला सहकुटुंब खाईन."

"महाराज," नानासाहेब भीतीनं पांढरे झाले, "सरडे आपल्याला पचत नाहीत."

"मला माहीत आहे," महाराज दुःखानं म्हणाले. "तरी खाईन."

त्या दिवशी घरात कुणी जेवलं नाही. माई म्हणाल्या, "एडिट करायचं नाही, मग करायचं तरी काय? आहे तसा दाखवायचा? राजा आहे तो, असा कसा दाखवणार?"

कोपऱ्यातून आवाज आला. "मी काढते फोटो."

सगळ्यांनी मागं वळून बघितलं. सून अशी आपण होऊन कधी बोलली नव्हती.

"फक्त माझं गाठोडं चुलीत घालायचं नाही."

"अगं, जीव राहिला तर चूल पेटणार ना," माई म्हणाल्या. "काढ बाई काय काढायचा तो."

महाराजांना गुहेत आणलं. आता तुम्ही विचाराल, तिरीपला, म्हणजे आपल्या सुरंगाला, राजाच्या अंगावर नसलेलं काही दाखवणं खोटं वाटलं नाही का? मुलांनो, खरं सांगायचं तर तिला राजा दिसतच नव्हता. तिला दिसत होतं एक भलंमोठं, कोरं, पिवळं अंग. एवढा मोठा पडदा तिला जन्मात मिळाला नव्हता.

तिनं भोकावर गवताची पाती मांडली. एक सरळ, एक वाकडी, एक मोडकी. डिंकाचा खडा फिरवला. आणि वरून महाराजांवर पट्टे उतरले.

काय उतरले! पाठीवर सरळ, बरगड्यांवर जरा झुकलेले, आणि पोटाशी आले की पोटासारखेच गोल वळून खाली. संगणकाला पोट कळत नाही. उजेडाला कळतं. तो जिथं पडतो तिथल्यासारखा होतो. महाराज जणू गवतातून उठून बसले होते, आणि गवत अजून अंगावरून उतरलं नव्हतं.

"श्वास धरा, महाराज."

"किती वेळ?"

"राजासारखं वाटेपर्यंत."

फोटो निघाला. जंगलानं असा फोटो कधी बघितला नव्हता. घुबड हे तिथले मोठे समीक्षक. त्यांना दिवसा दिसत नसे, म्हणून त्यांचं मत निःपक्षपाती मानलं जाई. ते म्हणाले, "यात वाघ आहे की वाघाच्या आत रान आहे, हा प्रश्न उरतो." लगेच सगळ्यांना तो प्रश्न उरला.

महाराजांनी पंजा उचलून शपथ घेतली, 'या फोटोला कुणीही हात लावलेला नाही.' शपथ शंभर टक्के खरी होती. फोटोला कुणी हात लावलाच नव्हता. जे लावायचं ते वाघालाच लावलं होतं.

फोटोच्या खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात नाव छापलं, 'सरडे आणि मंडळी'. मंडळी म्हणजे कोण, ते छापलं नव्हतं.

शेजारणी माईंना म्हणाल्या, "कुणी काढला हो एवढा छान?"

"आमच्या घरचंच काम," माई म्हणाल्या. "पिढीजात."

नदीपलीकडून उत्तर आलं. 'फोटो पसंत. बघायला येते.'

आता पंचाईत झाली. फोटोतले पट्टे फोटोत होते. महाराजांच्या अंगावर ते गुहेत, त्या उन्हात, तेवढ्यापुरतेच असायचे. म्हणून बघण्याचा कार्यक्रम गुहेतच ठेवायचा ठरला. कार्यक्रमाची सूत्रं प्रधान कोल्हेपंतांकडे. कोल्हेपंतांशिवाय त्या जंगलात कुणाचं बारसंही होत नसे.

सुरंगा त्यांच्याकडे गेली. "प्रधानजी, कवडसा थांबत नाही. सूर्य सरकला की पट्टेही सरकतात. आल्या आल्या बघून घेऊ द्या. बोलणं मागाहून."

"मागाहून?" कोल्हेपंतांना ते कळेना. "आणि प्रास्ताविक?"

"प्रास्ताविक नको."

"प्रास्ताविकाशिवाय बघण्याचा कार्यक्रम?" कोल्हेपंतांनी तिच्याकडे दयेनं बघितलं. "सूनबाई, तुम्ही माळावरच्या. आमच्याकडे पद्धत आहे. काळजी करू नका, मी फक्त दोन शब्द बोलणार."

वाघीण आली. भारदस्त, डोक्यावरून शाल घेतलेली, सावकाश चालणारी. बसण्याआधीच तिनं भिंत बघितली, छत बघितलं, आणि मग वाघ बघितला. महाराज उन्हाच्या दोराखाली श्वास धरून बसले होते. पट्टे असे झकास पडले होते, की नानासाहेबांना स्वतःचाच अभिमान वाटला. फराळ मांडलेला होता. आपल्याकडे पोहे असतात. तिथे काय होतं, ते सशांची पोरं ऐकत असतील म्हणून सांगत नाही.

कोल्हेपंत महाराजांच्या शेजारी उभे राहिले आणि खाकरले.

"मी आपला जास्त वेळ घेणार नाही," ते म्हणाले.

मग त्यांनी वेळ घेतला. पट्टेधर घराण्याच्या मूळ पुरुषापासून सुरुवात केली. मूळ पुरुषाच्या आजोळाचीही माहिती दिली. मग पाहुणीला शाल आणि श्रीफळ. मग पाहुणीबरोबर आलेल्या तरसाला श्रीफळ. मग तरस दोन शब्द बोललं. मग तरसाच्या दोन शब्दांबद्दल कोल्हेपंत दोन शब्द बोलले. घुबड समीक्षकांचा सत्कार झाला. ते झोपले होते, म्हणून त्यांच्या वतीनं फांदीला हार घातला.

सुरंगा कोपऱ्यातून खुणा करीत होती. कोल्हेपंतांना वाटलं, ती भारावली आहे.

आणि सूर्य सरकला.

पहिला पट्टा महाराजांच्या नाकावरून घसरला. मग मानेवरचे गेले. मग पाठीवरचे, एकेक करीत, घाई न करता. महाराजांना श्वास धरल्यामुळे काही कळत नव्हतं. पट्टे त्यांच्या शेपटीवरून उतरून जमिनीवर आले, आणि जमिनीवरून कोल्हेपंतांच्या अंगावर चढले.

कोल्हेपंतांना एकाएकी ऊब वाटली. त्यांचा आवाज जाड झाला. "आणि म्हणून मी असं म्हणतो..." असं म्हणताना त्यांच्या तोंडून एक लहानशी डरकाळी निघाली.

त्या जंगलातल्या प्राण्यांना एक सवय होती. पट्टे दिसले की मान खाली. सगळ्यांच्या माना झुकल्या. कोल्ह्यापुढे.

महाराजांचा धीर सुटला आणि त्यांनी श्वास सोडला. मोठा, लांब, पोट पसरणारा श्वास. उन्हाबाहेर एक थकलेली, पिवळी गादी बसलेली होती.

माना अजून कोल्ह्याकडेच झुकलेल्या होत्या.

"फसवणूक!" महाराज गरजले. फसवला गेलेला मीच, असा त्यांचा आविर्भाव होता. "फोटो कुणी काढला?"

नानासाहेब क्षणात गुहेच्या भिंतीच्या रंगाचे झाले. फक्त तोंड दिसत होतं. ते म्हणालं, "आम्ही नाही, महाराज. सुनेनं."

माई म्हणाल्या, "आमची सुरंगा असं करणार नाही. हे त्या माहेरच्या तिरीपचं काम!"

तिचं नाव त्या घरात त्या दिवशी पहिल्यांदा घेतलं गेलं. आणि तेही अगदी स्पष्ट, सगळ्या जंगलाला ऐकू जाईल असं. कलाकाराला श्रेय मिळतं, मुलांनो. फक्त योग्य वेळ यावी लागते.

हरित दोघींच्या मधे उभा होता. त्याच्या पोटात खरंच दुखू लागलं.

"पुढे ये," वाघीण म्हणाली.

तिरीप पुढे आली. हातात गाठोडं होतं. जीव गेला तर गेला, ते मागं ठेवायचं नाही, असं तिनं ठरवलं होतं.

"तू खोटं बोललीस."

"मी फोटोला हात लावला नाही, बाईसाहेब."

"तेच म्हणते मी. हात न लावता खोटं बोललीस." वाघीण उठून तिच्याभोवती एक फेरी मारून आली. "फोटोत एक पट्टा वाघाच्या पाठीवरून निघून मागच्या भिंतीवर गेलेला होता. ते माझ्या लक्षात आलं होतं. भिंतींना पट्टे नसतात."

सगळे एकमेकांकडे बघू लागले. फोटोत भिंत होती, हे कुणी बघितलंच नव्हतं.

"मग आपण आलात कशाला?" महाराजांनी आशेनं विचारलं.

"हा फोटो काढणारीला न्यायला." वाघिणीनं डोक्यावरची शाल बाजूला केली. तिचा उजवा कान अर्धा तुटलेला होता. "माझ्या राज्यात सगळे म्हणतात, राणीचा फोटो हवा. आणि आमच्याकडेही सरडे आहेत. त्यांनी मला तीन कान लावले."

"पण बाईसाहेब," कोल्हेपंत म्हणाले, "आपल्याला तर खोट्याची चीड! आपण तीन फोटो परत केलेत!"

"खोटे होते म्हणून नाही केले," वाघीण म्हणाली. "वाईट होते म्हणून केले."

माईंना आता सून एकदम जवळची वाटली. "अशी कशी नेता येईल? घरची लक्ष्मी आहे ती आमची. विचारावं लागेल."

"मी नेते म्हणाले," वाघीण म्हणाली. "नेऊ का, असं नाही म्हणाले." मग तिरीपकडे वळून तिनं आवाज उतरवला. "तुला मात्र विचारते. येतेस?"

तिरीपला आजवर कुणी काही विचारलं नव्हतं. त्यामुळे तिनं आधी आपणच विचारून घेतलं.

"छताला भोक असलेली गुहा आहे?"

"भोक पाडून देईन."

"तुमचा कान मी झाकणार नाही. त्याच्यावर काय सोडायचं, ते माझं मी बघेन. आणि बाकीच्या दुपारी माझ्या."

वाघीण तिच्याकडे बघत राहिली. खाऊ की नेऊ, असं बघतात तसं. मग म्हणाली, "चल."

कासवानं मान बाहेर काढली, दोघींना जाताना बघितलं, आणि मान पुन्हा आत घेतली.

पुढे काय झालं? महाराजांनी कायदा केला. फसवणूक टाळण्यासाठी यापुढे राज्यात सुधारल्याशिवाय कुणाचाही फोटो काढायचा नाही. डोळ्यांना दिसेल तसं छापणाऱ्याला शिक्षा. कायद्याखाली महाराजांचा फोटो होता. पाय पाच होते, पण आता कुणी मोजायला येणार नव्हतं. सरड्यांच्या दुकानाला शाखा निघाली.

गुहेचं भोक बुजवायचा हुकूम होता. पण ते काम कोल्हेपंतांकडे होतं आणि ते अजून झालेलं नाही. कोल्हेपंत रोज दुपारी पाहणीसाठी तिथे एकटेच जातात. बराच वेळ लागतो त्यांना. बाहेर कधीकधी एक लहानशी डरकाळी ऐकू येते.

आणि हरित? तो काही दिवस आईजवळ राखाडी बसून होता. मग एका संध्याकाळी नदीपलीकडच्या गुहेत येऊन पोचला. तोंडात जाळी पडलेलं एक पिंपळपान धरलेलं. तिरीपनं पान घेतलं, उजेडाकडे धरून बघितलं. पान चांगलं होतं. "बस," ती म्हणाली.

गुहेत तेव्हा अंधार झाला होता. अंधारात सरड्याला कुणाचाच रंग घ्यावा लागत नाही. तो नुसता बसला. बहुधा पहिल्यांदाच.

वाघिणीचा फोटो पुढे निघाला. तुटका कान होता तसाच, पण त्याच्या कडेपासून चतुराच्या पंखांचं एक गाव सुरू होत होतं. राणीच्या प्रजेनं तो बघितला आणि एका सुरात विचारलं, "एडिटिंग कुणी केलं?"

तात्पर्य : मुलांनो, खोटं कधीही बोलू नये. निदान ज्यांना नीट बोलता येत नाही, त्यांनी तरी. आणि खरं बोलायचंच असेल तर प्रास्ताविकाच्या आधी उरकावं. नंतर ऊन कुणाच्या अंगावर असेल, सांगता येत नाही.